फाळक्यांचा वाटाणा आणि आमची आठवी: एका छोट्याशा चित्रफितीतून किती विषय शिकता येतात?

वडाची_पारंबी

नमस्कार मंडळी. नाशिक जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत मी सहावी ते आठवीला गणित आणि विज्ञान शिकवते. आमच्याकडे चित्रपट म्हणजे परीक्षा संपली की निकालापर्यंतचे दिवस काढायची सोय. खिडक्यांना चादरी बांधायच्या, प्रोजेक्टर लावायचा, मुलं दोन तास गप्प. दुसऱ्या दिवशी विचारलं, तर कोणाला हाणामारी आठवते, कोणाला गाणं. हे मला बरीच वर्षं टोचत होतं. या वर्षी उलटं करून पाहिलं: मोठा चित्रपट नाही, एक मिनिटाचा तुकडा घ्यायचा आणि तो पुरता सोलून काढायचा.

तुकडा निवडायला लांब जावं लागलं नाही. दादासाहेब फाळके आमच्या शेजारचे, त्र्यंबकेश्वरला जन्मलेले. १९१२ साली ते लंडनहून कॅमेरा घेऊन आले, पण चित्रपटात पैसे घालायला कोणी तयार होईना. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा उभा केला आणि बी रुजून वेल होईपर्यंत चित्रण केलं. नाव दिलं ‘अंकुराची वाढ’. ते पाहून यशवंतराव नाडकर्णी या छायाचित्रण साहित्याच्या व्यापाऱ्यांनी कर्ज दिलं, आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. ही गोष्ट बहुतेक ठिकाणी अशीच वाचायला मिळते: रोज एक चौकट (म्हणजे फिल्मवरचं एक चित्र), महिनाभराहून जास्त दिवस, आणि फिल्म मिनिटभराची.

मुलांना म्हटलं, आपणही करू. पाण्याची बाटली अर्धी कापून कुंडी केली, शेतातली काळी माती भरली, रात्रभर भिजवलेले तीन वाटाणे टोचले. माझा तडा गेलेला जुना मोबाइल दोन विटांवर कंपासपेटी ठेवून तिला रबराने बांधला. विटांभोवती खडूने रेघ मारली, म्हणजे धक्का लागला तरी जागा सापडावी. रोज मधल्या सुट्टीत एक फोटो. रविवारी शाळेशेजारी राहणारा मुलगा किल्ली मागून घ्यायचा. एकही दिवस चुकला नाही. ३४ दिवस, ३४ फोटो.

मूकपटांच्या काळात सेकंदाला साधारण १६ चौकटी धरत, तशाच वेगानं लावले. सुरू झालं आणि संपलं. वर्ग म्हणाला, बाई परत लावा. परत लावलं, परत संपलं. दोन सेकंद! मग मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, “बाई, आपण पण रोज एकच काढला ना? मग फाळक्यांचं मिनिट कुठून आलं?”

खरं सांगते, हा प्रश्न मला सुचला नव्हता. ही गोष्ट मी किती वेळा सांगितली असेल! फळ्यावर मांडलं: ६० गुणिले १६, म्हणजे ९६०. रोज एक धरली तर ९६० दिवस, अडीच वर्षांहून जास्त. वाटाणा तेवढा जगतच नाही. म्हणजे एक तर रोज पंचवीस-तीस चौकटी घेतल्या असणार, किंवा एकच चौकट पुन्हा पुन्हा छापली असणार, किंवा फिल्म मिनिटभराची नसणार, किंवा ‘रोज एक’ हे मागाहून कोणीतरी सोपं करून सांगितलेलं असणार. या चारही शक्यता मुलांनीच काढल्या. ती मूळ फिल्म आम्हाला पाहायला मिळालेली नाही, त्यामुळे निकाल लागला नाही. पण ‘छापलेलं आहे म्हणून खरं’ ही समजूत त्या दिवशी गेली, आणि ती घालवली भागाकारानं. इतिहास शिकवणारे सर दारात उभे राहून ऐकत होते. त्यांनी दुसऱ्या दिवशी स्वतःहून माझा तास मागून घेतला.

दुसरा प्रयत्न नीट आखला. अर्ध्या तासाला एक फोटो, दिवसाला ४८, वीस दिवसांत बरोबर ९६०. वेळ झाली की मोबाइल आपोआप फोटो काढणार. पहिल्या फिल्ममध्ये ऊन-ढगामुळे उजेड सारखा लुकलुकत होता, म्हणून कुंडी सामानाच्या खोलीत नेली, खिडकीला पुठ्ठा लावला आणि वर दिवसरात्र एक दिवा. अखंड उजेडानं वाढ बदलते का ते पाहायला दुसरी कुंडी खिडकीत. तुलनेसाठी दुसरी कुंडी का ठेवायची, हे यंदा मला समजावून सांगावं लागलं नाही.

वीज गेली की चौकट काळी येते. मी त्या काढून टाकणार होते, मुलांनी काढू दिल्या नाहीत. त्यांनी काळ्या चौकटी मोजल्या, कोणत्या वारी किती वाजता त्या आल्या याचा तक्ता केला, आणि वीस दिवसांत गावात वीज कधी कधी नव्हती याची नोंद आमच्याकडे आपोआप तयार झाली. वाटाण्याची फिल्म गावाची कागदपत्रं होऊन बसली!

आता माझी अडचण. या फिल्ममध्ये वेलीचा शेंडा वेड्यासारखा उड्या मारतो. एकदा डावीकडे, लगेच उजवीकडे, मध्ये काहीच नाही. वारा नव्हता, खोली बंद होती. असं का? आणि भाषा-इतिहासवाल्यांनी असं काही केलं असेल तर जरूर लिहा.

---

सुतारपक्षी

पारंबीताई, वाचता वाचता उठून उभा राहिलो. शेंडा उड्या मारत नाहीये, तो गोल फिरतोय. वेलींचे शेंडे आधार शोधत हवेत फेऱ्या घालतात. वाटाण्याची एक फेरी तास-दीड तासात होते. तुम्ही अर्ध्या तासाला एक फोटो घेता, म्हणजे अख्ख्या फेरीचे दोन-तीनच ठिपके तुमच्या हाती लागतात. मधला रस्ता कॅमेऱ्यानं पाहिलाच नाही, म्हणून उडी दिसते.

पडद्यावर टांग्याचं चाक उलटं फिरताना पाहिलंय ना? तेच हे. दोन चौकटींच्या मधे चाक जवळजवळ पूर्ण फेरी मारतं, आणि डोळ्याला ते थोडं मागं सरकल्यासारखं वाटतं. मुलांना हे सायकलच्या चाकावर दाखवता येईल. एका तारेला लाल चिंधी बांधा, चाक फिरवा, मोबाइलवर चित्रण करा आणि वेग कमी-जास्त करा. एका वेगाला चिंधी थांबल्यासारखी दिसेल.

उपाय सोपा. फक्त एक दिवस दर पाच मिनिटांनी फोटो घ्या. तासाला १२, दिवसाला २८८, म्हणजे १८ सेकंदांची फिल्म. फेरी दिसते की नाही बघा. डार्विननं हे कॅमेऱ्याशिवाय केलं होतं, झाडासमोर काच धरून शेंड्याची जागा ठिपक्यांनी टिपत जायची आणि मग ठिपके जोडायचे. मुलांना तसंही करता येईल, मोबाइलच्या पडद्यावर पारदर्शक कागद चिकटवून.

---

तिसरी_घंटा

मी तीस-बत्तीस वर्षं प्रोजेक्टर चालवला. आधी जत्रेतल्या तंबूत, नंतर तालुक्याच्या टॉकीजला. शाळा सातवीपर्यंत, पण फिल्मचं गणित हाताला आहे म्हणून लिहितो.

पस्तीस मिलिमीटरच्या पट्टीत एका फुटात १६ चौकटी बसतात. सेकंदाला १६ चौकटी चालवल्या, तर एक फूट म्हणजे एक सेकंद. बोलपट आल्यावर वेग २४ झाला, म्हणजे सेकंदाला दीड फूट, मिनिटाला ९० फूट. हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांत उतरायचं. आम्ही घड्याळ बघत नसू, रिळाची जाडी बघून सांगत असू किती राहिलंय ते.

आता हे तुमच्या मुलांना द्या. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी ३,७०० फूट सांगतात. सेकंदाला १६ नं चालवला तर ३,७०० सेकंद, म्हणजे एक तास पावणेदोन मिनिटं. २४ नं चालवला तर ४१ मिनिटं. काही ठिकाणी हा चित्रपट ४० मिनिटांचा असं लिहिलेलं सापडतं. पट्टी तीच, फरक फक्त चालवण्याच्या वेगाचा. त्या काळी कॅमेरा हातानं फिरवत, त्यामुळे वेग हाताच्या लयीवर असायचा. जुन्या मूकपटांत माणसं तुरूतुरू चालताना दिसतात, ती तशी चालत नव्हती हो. हळू टिपलेलं आम्ही जोरात चालवलं म्हणून तसं दिसतं.

आणखी एक. पट्टीच्या दोन्ही कडांना भोकं असतात, एका चौकटीला एका बाजूला चार. म्हणजे फुटाला दोन्ही बाजू मिळून १२८. फाळक्यांच्या घरी कच्च्या फिल्मला भोकं पाडायचं काम सरस्वतीबाई रात्री अंधारात करायच्या. ३,७०० फुटांची किती होतात ते पोरांना करू द्या. मी केलं, ४ लाख ७३ हजार ६००. यंत्र होतं, एका दाबात अनेक भोकं पडत असतील, पण अंधारात बोटांनी पट्टी सरकवायची होती आणि एक भोक जरी चुकलं तरी चित्र पडद्यावर थरथरतं. दिवसा साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, तोही त्याच माउलीकडे.

---

कृष्णकाठ

उपक्रम छान आहे यात शंका नाही. पण पालक म्हणून विचारतो, राग मानू नका. माझी मुलगी आठवीला आहे, शिष्यवृत्तीची परीक्षा तोंडावर आहे. वीस दिवस वाटाणा बघत बसल्यावर समीकरणं आणि चक्रवाढ व्याज कोण शिकवणार? आणि सगळ्या शाळांना तुमच्यासारख्या बाई मिळत नाहीत. दुसरीकडे हेच ‘चित्रपटातून शिक्षण’ म्हणून पुन्हा दोन तासांचा सिनेमा लावून मोकळे होतील.

---

वडाची_पारंबी

तिसरी घंटा काका, तुमचा प्रतिसाद मी उद्या वर्गात वाचून दाखवणार आहे. सातवीपर्यंतची शाळा असं पुन्हा लिहू नका.

कृष्णकाठ दादा, राग कसला? तुमची काळजी रास्त आहे. वाटाणा आम्ही बघत बसलो नाही, तो त्याचा वाढत होता. वर्गातले तास मोजले तर सगळे मिळून नऊ. त्यातले तीन गुणोत्तर-प्रमाणाचे होते, ते मला असेही घ्यायचेच होते. चक्रवाढ व्याजासाठी मी फाळक्यांनाच धरलं: विम्याची पॉलिसी गहाण टाकून पैसे उभे केले, तर तीन वर्षांत किती फेडावे लागतील? व्याजदर आम्हीच मानून घेतला आणि तो मानलेला आहे असं फळ्यावर स्पष्ट लिहिलं.

पण तुमच्या दुसऱ्या मुद्द्याशी मी पूर्ण सहमत आहे, आणि त्यात माझी एक चूक सांगते. सुरुवातीला मी हौसेनं सगळे विषय कोंबले होते. भूगोल म्हणून मुंबई ते लंडन बोटीचा मार्ग नकाशावर काढायला लावला. मुलांनी काढला, रंगवला, आणि त्यातून एकही प्रश्न निघाला नाही. ते काम फिल्मनं मागितलेलंच नव्हतं, माझ्या कागदावर भूगोलाचा रकाना रिकामा दिसत होता म्हणून मी ते घातलं होतं. आता नियमच केलाय. मुलाला फिल्म बघून प्रश्न पडला आणि त्याचं उत्तर ज्या विषयात असेल, तोच विषय आणायचा.

तसा न बोलावता आलेला विषय म्हणजे समाजशास्त्र. ‘राजा हरिश्चंद्र’चा उरलेला तुकडा पाहताना मुली म्हणाल्या, तारामतीचे हात पुरुषासारखे आहेत. आहेतच, ती भूमिका साळुंके यांनी केली, जे आधी हॉटेलात स्वयंपाकाचं काम करत. बाई का मिळाली नाही, त्या काळी पडद्यावर येणाऱ्या बाईकडे लोक कोणत्या नजरेनं बघत, आणि त्याच १९१३ सालच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमलाबाई कशा उभ्या राहिल्या, यावर मुली इतक्या बोलल्या की घंटा झालेली कळली नाही. एरवी त्यातल्या दोघी हजेरीपुरतं तोंड उघडतात.

---

मधुमालती

पारंबी, तुझ्या वाटाण्याचं बी माझ्या मराठीच्या तासाला आधीच रुजलेलं आहे. ऐक.

मी नववीला मराठी शिकवते, सातारा भागात. १९३६च्या प्रभातच्या ‘संत तुकाराम’मधलं ‘आधी बीज एकले’ वर्गात ऐकवलं आणि विचारलं, हा अभंग कोणाचा? सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, तुकोबांचा. तुकोबांची भूमिका करणाऱ्या पागनीसांना पडद्यावर गाताना पाहिलं की दुसरं काही मनात येतच नाही. मग गाथेच्या दोन प्रती टेबलावर ठेवल्या आणि म्हटलं, शोधून दाखवा.

तीन दिवस शोधलं. सापडणार कसं? ते गीत शांताराम आठवल्यांनी चित्रपटासाठी लिहिलेलं. भल्याभल्यांना ते तुकोबांचंच वाटलं होतं. मुलं आधी खट्टू झाली, मग कामाला लागली. एकानं दाखवलं की शेवटी ‘तुका म्हणे’ नाही. दुसरीनं टाळ्या वाजवून गाथेतला एक अभंग म्हटला आणि मग हे गीत म्हटलं. चरणांची मोडणी वेगळी आहे हे तिच्या हाताला कळलं, छंदाचं नाव तिला नंतर कळलं. छंद, नाममुद्रा (‘तुका म्हणे’सारखी कवीची खूण), पाठ आणि प्रत यातलं काहीही मी फळ्यावर व्याख्या लिहून शिकवलं नाही.

आणि शेवटी एका मुलानं विचारलेलं अजून मनात आहे: “बाई, खोटं आहे हे कळलं, तरी आवडतंय. चालेल ना?” मी म्हटलं, अरे खोटं कुठे, ते आठवल्यांचं खरं गीत आहे. तुकोबांचं नाही, इतकंच.

---

टिपकागद

मधुमालती, काय सुरेख लिहिलंत!

विज्ञानवाल्यांसाठी थोडी भर. दहावीच्या पुस्तकात दृष्टिसातत्य आहे: प्रतिमा दृष्टिपटलावर सेकंदाचा सोळावा भाग टिकते, म्हणून चित्रं हलती दिसतात. पुठ्ठ्याच्या एका बाजूला पिंजरा, दुसऱ्या बाजूला पोपट काढून दोऱ्यानं गरगर फिरवला की पोपट पिंजऱ्यात दिसतो, हे त्यानं समजतं. पण पोपट चालताना दिसतो, हे नुसत्या दृष्टिसातत्यानं समजत नाही. एकावर एक प्रतिमा साचल्या तर गिचमीड व्हायला हवी. दोन ठिपक्यांमधली हालचाल मेंदू स्वतः रचतो. माक्स वेर्टहायमर या मानसशास्त्रज्ञाचा यावरचा प्रबंध १९१२ साली निघाला, फाळके वाटाणा चित्रित करत होते त्याच वर्षी. परीक्षेत पुस्तकातलं लिहावं, पण वर्गात दोन्ही सांगावं. आठवीची मुलं पेलतात.

---

लांबचा_पाहुणा

फ्रान्समधून लिहितोय, गेली अकरा वर्षं लियाँला राहतो. ल्युमिएर बंधूंचा कारखाना याच गावात होता आणि १८९५मध्ये त्यांनी पहिली चित्रफीत काढली ती त्याच कारखान्याच्या फाटकासमोर. पुढच्याच वर्षी, ७ जुलै १८९६ला त्यांच्या फिती मुंबईत वॉटसन हॉटेलात दाखवल्या गेल्या.

इथल्या शाळांमध्ये चित्रपट हा वेळ घालवण्याचा प्रकार राहिलेला नाही. माध्यमिक शाळेतली मुलं वर्षातून काही चित्रपट चित्रपटगृहात जाऊन पाहतात आणि मग वर्गात त्यावर काम होतं. १९८९पासून हे चालू आहे. पण मला सगळ्यात आवडलेला धडा सिनेमातेक फ्राँसेज या पॅरिसमधल्या चित्रपट-संग्रहालयाच्या उपक्रमातला, ‘ल्युमिएर मिनिट’. मुलानं कॅमेरा एका जागी ठेवायचा, हलवायचा नाही, एकच मिनिट चित्रण करायचं आणि नंतर काहीही कापायचं नाही. बास. म्हणजे चित्रण सुरू करण्याआधीच ठरवावं लागतं: कुठे उभं राहू, किती वाजता, कोण येईल, कोण जाईल.

माझ्या मुलीनं बेकरीचं दार घेतलं. त्याआधी चार दिवस ती नुसती समोर उभी राहून बघत होती, वही घेऊन. पारंबीताई, तुमच्या मुलांना एसटीचा थांबा, पाणवठा किंवा दूध डेअरी द्या. भूगोल तिथे आपणहून येईल असं वाटतं.

---

कृष्णकाठ

नऊ तास म्हणत असाल तर माझा आक्षेप मागे. मुलीला रात्री चौकटींचं गणित घातलं. तिनं उत्तर काढलं आणि मलाच विचारलं, “बाबा, सरस्वतीबाईंना अंधारात भोक चुकलं हे कळत कसं असेल?” मला उत्तर आलं नाही. काका, सांगाल का?

---

तिसरी_घंटा

बोटानं. पट्टीच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलं की दात मोजता येतात. मीही अंधारातच सांधे लावायचो, चार भोकं आली की एक चौकट. लेकीला सांगा, जुना फणी-कंगवा घे, डोळे मिट आणि मोडलेला दात शोध.

---

वडाची_पारंबी

उशिरा येतेय, पण हातात काहीतरी घेऊन येतेय.

सुतारपक्षी दादा, शुक्रवारी सकाळी सातला पाच मिनिटांच्या अंतरानं लावलं. वीज गेली नाही, त्यामुळे शनिवारी सकाळी सातपर्यंत २८८च्या २८८ चौकटी आल्या. अर्धी शाळा खोलीच्या दाराशी होती. लावलं, आणि शेंडा फिरायला लागला. सावकाश, वाकडा-तिकडा गोल, मग पुन्हा गोल. तो रविवारचा किल्लीवाला मुलगा म्हणाला, “बाई, हा आंधळी कोशिंबीर खेळतोय.”

मोबाइलवर पारदर्शक कागद लावून मुलांनी ठिपके दिले. एका फेरीत १८ ठिपके आले, पुढच्या फेरीत १७, त्यापुढच्या फेरीत पुन्हा १८. अठरा पंचे नव्वद मिनिटं. खिडकीतल्या कुंडीतला शेंडाही असाच फिरतो का, हे आता बघायचंय, पण तिथे रात्री अंधार आणि अंधारात फोटो येत नाही. यावर काल दीड तास वाद झाला. काही जण म्हणतात, फोटोपुरताच दिवा लावायचा. मागच्या बाकावरची मुलगी म्हणते, तेवढा उजेडसुद्धा वाटाण्याला कळेल.

एसटीच्या थांब्याचं मिनिट सोमवारी. सकाळी साडेदहाची गाडी घ्यायची असं ठरलंय, कारण त्या गाडीला बाजाराच्या पाट्या चढतात. वह्या घेऊन चार जण आजपासूनच थांब्यावर जाऊन उभे राहतात.